भाड्याच्या घराचा अधिवास

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातली लाखो मुलं एकच पुस्तक वाचतात: सीईटी सेलची प्रवेश माहिती पुस्तिका. पीडीएफ असते, कंटाळवाणी असते, पण त्या वयात आपण वाचलेल्या कुठल्याही मजकुराचा तिच्याइतका परिणाम आपल्यावर होत नाही. कथा-कादंबऱ्यांवर आपण बारकाईने लिहितो. ज्या मजकुरावर आपलं पुढचं ठरतं, तो मात्र 'नियम आहे' म्हणून सोडून देतो. मला आज त्यातल्या पात्रतेच्या पानाबद्दल लिहायचंय.

इंजिनिअरिंगला 'महाराष्ट्राचा उमेदवार' ठरण्याची सगळ्यात सरळ वाट म्हणजे टाइप ए. दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून, शिवाय जन्म महाराष्ट्रातला किंवा हातात महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र. मी विरारला जन्मलो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तसं छापलेलं होतं. ते पान मी अर्ध्या मिनिटात ओलांडलं.

माझी मैत्रीण नालासोपारा पूर्वेला वाढली. आम्ही एकाच क्लासला जायचो. पण तिच्या आईचं माहेर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी झालं. ती तीन महिन्यांची असताना नालासोपाऱ्यात आली आणि पुढची सतरा वर्षं तिथेच राहिली. तरी दाखल्यावरचं जन्मस्थळ कर्नाटकातलं. म्हणजे अधिवास काढणं आलं, आणि त्यासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा.

आता वसई-विरारमध्ये भाड्याने राहिलेल्या कुणालाही विचारा, पंधरा वर्षांचा पुरावा म्हणजे काय. भाडेकरार अकरा महिन्यांचा. लाइट बिल मालकाच्या नावावर. तिची सात घरं बदलून झाली होती. वडील घर सोडून गेले तेव्हा रेशन कार्डही त्यांच्याबरोबर गेलं. शाळेचे दाखले होते, पण पहिली ते बारावी म्हणजे बाराच वर्षं होतात. पंधराला तीन कमी. शेवटी ट्रंकेत लसीकरणाचं जुनं कार्ड सापडलं आणि मुदतीच्या आदल्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं.

तेव्हा मी तिला म्हणालो होतो, "कागद नीट ठेवायला हवे होते ना." आमचं घर वडिलांच्या नावावर होतं. मी कुठलाच कागद कधी सांभाळलेला नव्हता, ते काम घराने माझ्यासाठी केलं होतं. हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

मग दुसरा कागद आला, उत्पन्नाचा दाखला. शुल्काची सवलत मिळते ती कुटुंबाच्या उत्पन्नावर. एका कार्यालयात तिला सांगितलं, वडिलांचं उत्पन्न दाखवा. वडील कुठे आहेत हेच माहीत नव्हतं. ती स्वतः आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन घरात पैसे आणत होती, पण अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. पहिल्या वर्षाची पूर्ण फी भरली, आईच्या बांगड्या गहाण ठेवून.

आपल्याकडे अमेरिकेसारखा दुहेरी दर सहसा दिसत नाही. तिथल्या सरकारी विद्यापीठांत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला उघडपणे कितीतरी जास्त फी सांगतात. आपल्याकडे कॅपमधून खासगी कॉलेजला गेलात तर फी तीच असते, पण राज्य तुमच्या वतीने त्यातला वाटा भरतं की नाही, हे कागदांवर ठरतं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत खुल्या गटाला निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. त्यासाठी अधिवास लागतो, आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असावं लागतं. २०२४-२५ पासून मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शंभर टक्के माफी मिळाली, तिथेही आठ लाखांची अट आहेच. योजना चांगल्या आहेत. दार अरुंद आहे.

राज्याने आपल्या रहिवाशांना झुकतं माप द्यावं की नाही, हा वाद जुना आहे. १९५५ साली डी. पी. जोशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इंदूरच्या मेडिकल कॉलेजचा नियम मान्य केला. त्यात मध्य भारताबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून कॅपिटेशन फी घेतली जायची. जन्मस्थान वेगळं आणि निवास वेगळा, निवासावरून फरक करता येतो, असं बहुमताचं म्हणणं. इथे शिकलेले काहीजण पुढे इथेच डॉक्टर म्हणून राहतील, हाही युक्तिवाद होता. १९८४ च्या प्रदीप जैन निकालात न्यायालयाने सांगितलं की भारतात अधिवास एकच, भारताचा. राज्याचा अधिवास ही चुकीची भाषा आहे. जानेवारी २०२५ मध्ये तन्वी बहल प्रकरणात पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांतलं निवासावरचं आरक्षण रद्द झालं.

मला १९५५ चा युक्तिवाद पटतो. राज्य पैसा खर्च करतं, तर इथे राहणाऱ्यांना आधी द्यावं. पण मग प्रश्न 'तू इथे राहतेस का' एवढाच असायला हवा. आपला अर्ज विचारतो, 'तुझ्या घराकडे कागद आहेत का' आणि 'तुझा बाप किती कमावतो'. अठरा वर्षांची मुलगी मत देऊ शकते, पण या अर्जात ती एकटी, स्वतंत्र माणूस म्हणून कुठेच येत नाही.

यावर एक खरा आक्षेप आहे. 'मी स्वतंत्र आहे' एवढं म्हणून चाललं, तर दोन फ्लॅट असलेल्या बापाचा मुलगाही शून्य उत्पन्न दाखवून सवलत घेईल. घेईलच. अमेरिकेतही याच भीतीने नियम कडक आहेत. सरकारी आर्थिक मदतीसाठी विद्यार्थी साधारणपणे चोवीस वर्षांचा होईपर्यंत आईवडिलांवर अवलंबूनच धरला जातो. पण तिथे एक खिडकी ठेवलीय: घर तुटलंय, संपर्क नाही, अशा वेळी कॉलेजचा अधिकारी कागद पाहून अपवाद करू शकतो. आणि १९७३ साली व्लँडिस विरुद्ध क्लाइन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की विद्यार्थ्याला कायमचं 'बाहेरचा' ठरवून त्याला ते खोडून काढायची संधीच न देणं बेकायदा आहे. म्हणजे नियम ठेवा, पण समोरच्याचं ऐकायची सोय ठेवा.

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा अधिवास प्रमाणपत्रासाठी रांगा लागल्या. काही दिवसांतच सरकारने सांगितलं की त्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. तिथे शाळेचा दाखला पुरतो. इथे शाळेची बारा वर्षं पुरत नाहीत. दोन्हीकडे सरकार तेच आहे.

मी कोड लिहितो. अट लिहिताना आम्ही सवयीने विचारतो, यात खरा युजर बाहेर फेकला जातोय का? जातोय असं दिसलं तर अट दुरुस्त करायची असते. युजरला 'कागद नीट ठेवायला हवे होते' असं सांगायचं नसतं.

ती आता ऐरोलीला एका कंपनीत आहे, विरारला आईबरोबर राहते, अजून भाड्यानेच. बांगड्या दुसऱ्या वर्षी सोडवल्या. यंदा जूनमध्ये तिचा मेसेज आला: शेजारच्या मुलीचा फॉर्म भरायचाय, येतोस का? गेलो. लॅपटॉप उघडायच्या आधी तिने त्या मुलीला विचारलं, "तुझं आजोळ कुठलं गं?"