संग्रहित छायाचित्र

दिवाळी अंकातल्या टीकालेखाचा विषय एखादी कादंबरी असावी, फार तर एखादे गाजलेले नाटक असावे, असा संकेत आहे. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे दुसऱ्याच्या कादंबरीवर लिहिण्याची मला भीती वाटते. तेव्हा यंदा मी वर्तमानपत्राच्या पाचव्या पानावरील तीन कॉलमी छायाचित्रावर लिहिणार आहे. वाचकांनी फराळाचे ताट बाजूला सारण्याची गरज नाही. विषय आगगाडीचा आहे, आणि आगगाडी आवडत नाही असा माणूस अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.

मॅट्रिक झाल्यावर चित्रकलेची परीक्षा देऊन मी ड्रॉइंग मास्तर झालो. त्यामुळे वर्तमानपत्र हाती आले की आधी चित्र पाहायचे आणि मग मजकूर वाचायचा, ही माझी खोड. ही खोड नसती तर हा लेखही झाला नसता.

माझे गाव बार्शी लाईटच्या काठचे. आज ज्याला आपण कुर्डुवाडी म्हणतो त्या स्टेशनचे नाव एके काळी बार्शी रोड होते. तेथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांवर ही छोटी गाडी 1897 साली धावू लागली. पुढे ती 1906 साली पंढरपूरला, 1911 साली लातूरला आणि 1927 साली मिरजेला पोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअराने ती आखली. लहान रुळांवरून मोठे ओझे कसे न्यावे याचा धडा म्हणून तिच्याकडे त्या काळी विलायतेतले जाणकार पाहत असत. आम्हाला अर्थातच हे काही ठाऊक नव्हते. आम्हाला ठाऊक होते ते एवढेच, की आषाढीला तिच्यात शिरायला जागा नसे. 1954 साली ती सरकारच्या ताब्यात गेली, आणि 2008 पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर सारे रूळ रुंद झाले. माझे वडील, आबा, या मार्गावर गँगमन होते. उन्हातान्हात त्यांनी जे रूळ ठोकले तेच पुढे उखडताना त्यांनी पाहिले.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत या गाडीवर लेख आला. लेख चांगला होता. सन बरोबर, स्टेशनांची नावे बरोबर, कॅलथ्रॉपसाहेबाचा उल्लेख आदराने केलेला. मी अंक आबांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, चित्र पाहिले आणि अंक परत माझ्या हाती दिला.

"ही आपली नव्हं," ते म्हणाले. लेख त्यांनी वाचला नाही.

चित्र दार्जिलिंगच्या गाडीचे होते. निळे इंजिन, पुढच्या टोकावर वाळू टाकायला बसलेली दोन माणसे, रुळांना खेटून जाणारा डांबरी रस्ता, मागे उंच सरळसोट झाडे आणि त्यांच्यात अडकलेले धुके. माढ्याच्या आणि बार्शीच्या शिवारात धुके! आमच्याकडे इंजिनाच्या मागे दिसायची ती ज्वारी, आणि ज्वारी काढल्यावर नुसती काळी जमीन. शिवाय दार्जिलिंगची वाट 1881 सालची आणि दोन फुटांची. आमची अडीच फुटांची. सहा इंचांचा फरक उपसंपादकाला दिसायचा नाही हे मी समजू शकतो. पण धुके तरी दिसायला हवे होते.

येथे एखादा वाचक म्हणेल, मास्तर, एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलात? मजकूर तर खरा होता ना? माझा वाद नेमका येथेच आहे. चित्र हेही एक विधान असते, आणि ते मजकुराच्या आधी वाचले जाते. लेखाने बाराशे शब्दांत सांगितले की ही गाडी आमची होती. चित्राने एका क्षणात सांगितले की ती दुसऱ्या कोणाची होती. आबांनी दुसऱ्या विधानावर विश्वास ठेवला. ज्या माणसाने ते रूळ ठोकले, त्याच्यासाठी लिहिलेला लेख त्याच्यापर्यंत पोचलाच नाही.

तेव्हापासून मी अशी कात्रणे जमवू लागलो. शाळेच्या कपाटात आता त्यांची एक फुगलेली फाईल आहे. दर वर्षी 16 एप्रिलला पहिल्या आगगाडीची आठवण छापून येते: 1853 साल, बोरीबंदर ते ठाणे, एकवीस मैल, चौदा डबे, चारशे पाहुणे, तीन इंजिने. सगळे यथास्थित. शेजारी चित्र मात्र 'फेअरी क्वीन'चे. ते देखणे इंजिन लीड्सच्या कारखान्यात 1855 साली तयार झाले आणि हावड्याच्या बाजूला राबले. म्हणजे आपल्या लग्नाच्या बातमीत दोन वर्षांनी जन्मलेल्या, परक्या घरच्या मुलीचे चित्र छापावे, तसा हा प्रकार. पण यात कोणाचे नुकसान नाही. हसावे आणि पान उलटावे.

दुसऱ्या जातीच्या कात्रणांना मात्र हसू येत नाही. आमच्या भागातली सकाळची पॅसेंजर रद्द झाली, अशी बातमी. भाजीची टोपली घेऊन जाणाऱ्या बायका, कॉलेजची पोरे, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे, यांची ती गाडी. चित्र कोणते? पांढऱ्या-निळ्या वंदे भारतचे, बाजूने घेतलेले, चकचकीत. ती गाडी 2023 पासून सोलापूर-मुंबई धावते, चांगली धावते; पण ती रद्द झालेली नव्हती आणि भाजीची टोपली तिच्यात चढत नाही. 2023 सालीच मध्य रेल्वेच्या रुंद रुळांवर सगळीकडे विजेच्या तारा आल्या, आणि त्याची बातमी डिझेल इंजिनाच्या चित्रासह वाचण्याचे भाग्यही मला लाभले. नव्या मार्गाच्या नुसत्या पाहणीची बातमी असली की जपानची लांब नाकाची गाडी हजर. ज्या तालुक्याने अजून रुळाचा तुकडा पाहिलेला नाही त्याला फुजी पर्वत दाखवायचा, यात थोडी क्रूरता आहे असे मला वाटते.

आणि आता ती रात्र. आमच्या शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी आहेत. त्यांना वाचता येत नाही. त्यांचा मुलगा पुण्याला कामाला, तो त्या रात्री गाडीने गावी यायचा होता. साडेनऊच्या सुमारास त्या माझ्या दारात आल्या, हातात शेजारच्या पोराचा फोन. फोनवर एका दैनिकाची बातमी. चित्रात निळे डबे एकावर एक चढलेले, खिडक्या फुटलेल्या, माणसे दोर घेऊन उभी.

"गुर्जी, ह्यात कोण कोण गेलं, वाचा की."

मी वाचले. बातमी पाच ओळींची होती. मालगाडीचे दोन वाघिणीडबे यार्डात रुळावरून घसरले. कोणाला इजा नाही. प्रवासी गाड्या अर्धा तास उशिरा. चित्राखाली बारीक अक्षरांत लिहिले होते, 'संग्रहित छायाचित्र'. मी त्यांना परत परत सांगितले की मावशी, ही मालगाडी आहे, हा फोटो दुसरीकडचा, जुना आहे. त्या चित्रावर बोट ठेवून म्हणत होत्या, "मग ह्ये काय हाय?" मुलगा पावणेअकराला घरी आला, तोपर्यंत त्या माझ्या ओट्यावरून उठल्या नाहीत.

माझा एक जुना विद्यार्थी एका वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. फाईल घेऊन मी त्याच्याकडे गेलो. तो प्रामाणिक मुलगा. त्याने काही लपवले नाही. पानाची आखणी आधी होते, तिच्यात चित्राची चौकट आधीच काढलेली असते. बातमी तालुक्याहून रात्री उशिरा येते. वार्ताहराला बातमीचे मानधन बेताचे, फोटोचे वेगळे काही नाही, म्हणून तो स्टेशनवर जाऊन फोटो काढीत नाही. संगणकात 'रेल्वे' नावाचा एक कप्पा आहे. त्यात वर्षानुवर्षे साचलेली आणि बाजारातून घेतलेली चित्रे. चित्र नसलेली बातमी फोनवर कोणी उघडत नाही, असेही त्याने सांगितले. "सर, रात्री अकराला मी चौकट रिकामी सोडली, तर सकाळी माझी खुर्ची रिकामी होईल." अलीकडे तर यंत्राला सांगून चित्र तयार करून घेतात, असे म्हणत त्याने एक दाखवले. त्यात इंजिनाला दोन तोंडे होती आणि तीन रूळ पुढे जाऊन एकमेकांत विरघळले होते.

त्याची अडचण मला पटली. त्याचा बचाव पटला नाही. 'संग्रहित' हा शब्द काही लबाडीचा नाही. त्याच स्टेशनचे, त्याच गाडीचे जुने चित्र असेल तर तो शब्द खरा आहे. मग खाली ठिकाण आणि साल घालावे, अर्धी ओळसुद्धा लागत नाही. ठिकाण आणि साल घालायची लाज वाटत असेल, तर ते चित्र तेथे नको आहे असे समजावे. 'प्रातिनिधिक' हा त्याचा भाऊ अधिक बेरकी. एक उलटलेला डबा साऱ्या उलटलेल्या डब्यांचा प्रतिनिधी कसा होईल? अपघाताला प्रतिनिधी नसतो. चौकट भरायचीच असेल तर मार्गाचा साधा नकाशा काढावा, स्टेशनांची नावे लिहावीत. मावशींना नावे वाचता येणार नाहीत, पण निदान त्यांना मेलेली माणसे दिसणार नाहीत.

हे सारे मी त्याला जरा चढ्या आवाजात ऐकवले. त्याने ऐकून घेतले आणि मग हसून म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला पाचवीत आगगाडी काढायला शिकवली होती. तिला धुराडे होते."

खरे होते. त्या वेळी आमच्या रुळांवर डिझेल होते, आणि मी फळ्यावर काढलेल्या इंजिनाच्या डोक्यावर धुराचे तीन गोळे होते. माझ्या मास्तरांनी मला तसेच शिकवले होते. परवा वर्गात 'आगगाडी' विषय दिला तेव्हा फळा कोरा ठेवला आणि मुलांना स्टेशनच्या कुंपणापाशी नेऊन उभे केले. तरी परत आल्यावर चाळीसपैकी तीसजणांनी धूर काढलाच. एका मुलीने मात्र इंजिन काढलेच नव्हते. तिने कागदभर एका डब्याची फक्त एक खिडकी काढली होती, तिचे चार आडवे गज, आणि गजांतून बाहेर आलेली मेथीच्या जुडीची पाने.