अडतिसावा डास

रोनाल्ड रॉस यांची ती कविता अवघ्या बारा ओळींची आहे. चार-चार ओळींची तीन कडवी, ओळीही आखूड. ऑगस्ट १८९७मध्ये सिकंदराबादच्या छावणीत, बेगमपेटला, डासाच्या जठरात हिवतापाच्या परजीवीची खूण सापडल्यावर लगेचच या लष्करी डॉक्टरानं ती लिहिली. कोलकात्यात रॉस यांच्या स्मारकावर तिच्या ओळी कोरल्या आहेत. दगडात कोरलेल्या ओळी आपण वाचत नाही, त्यांना नमस्कार करून पुढे जातो. या कवितेचं तसंच झालंय. मोठ्या शोधाची सोबतीण म्हणून तिला मान मिळाला, पण कविता म्हणून ती कुणी फारशी वाचली नाही.

सुरुवातच देवापासून आहे, आणि हा देव नुसता कृपाळू नाही. तो आज नमला आहे, म्हणजे इतके दिवस नमत नव्हता. एका विशेषणात रॉस यांनी मागची सगळी वर्षं बसवली आहेत. ‘इन एक्झाइल’ या त्यांच्या दीर्घ कवितेत ही वर्षं भेटतात. परक्या मुलखात अडकल्याची भावना, तापानं माणसं मरताना पाहणं, आणि उत्तर न देणारं आकाश. भारतातल्या तापांवरच्या आणखी एका कवितेत ते निसर्गाजवळ रहस्याची याचना करतात, तीही या शोधाच्या बऱ्याच आधी. या पार्श्वभूमीवर सिकंदराबादची कविता एकटी उभी राहत नाही. ती स्वतःच्याच जुन्या प्रश्नाला आलेलं उत्तर आहे.

घडण बघा. पहिल्या कडव्यात देव हा शब्द दोनदा ओळीच्या टोकाला येतो, म्हणजे यमक त्याच शब्दाचं त्याच शब्दाशी. शाळेत गुण कापले गेले असते, पण इथं ते शोभतं, कारण आनंदाच्या भरात माणसाला दुसरा शब्द सुचत नाही. पुढे वाक्य कडव्याशी थांबतच नाही. ते पहिल्यातून दुसऱ्यात वाहत जातं, आणि दुसरं कडवं संपता संपता संबोधन बदलतं. आतापर्यंत देवाचे आभार मानणारा कवी एकदम मृत्यूकडे वळतो आणि त्याला ‘तू’ म्हणतो. तिसऱ्या कडव्यात बायबलमधल्या पौलाच्या पत्रातला प्रश्न येतो, मृत्यूला त्याच्या नांगीविषयी विचारलेला. शतकानुशतकं दफनाच्या वेळी वाचला गेलेला हा प्रश्न नुकताच डास फाडलेल्या माणसानं विचारावा, यातला खट्याळपणा रॉस यांच्या ध्यानात आला नसेल असं मला वाटत नाही.

आता त्याच शोधाचं गद्य. रॉस यांच्या आठवणींचं पुस्तक १९२३मध्ये, म्हणजे सव्वीस वर्षांनी आलं. त्यात देव फारसा नाही, घाम मात्र भरपूर आहे. सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामानं गंजलेले, भिंगाला तडा. पंखा ओढायचा नाही, कारण फाडलेले डास वाऱ्यानं उडून जातील. २० ऑगस्टला दुपारी ठिपकेदार पंखांचा अडतिसावा डास टेबलावर होता. हिवतापाच्या रुग्णाला चावून त्याला चार दिवस झाले होते. बाकी सगळं शरीर तपासून झालं, उरलं जठर. डोळे थकलेले, हे तरी कशाला बघायचं असं मनात येत असतानाच एक स्वच्छ गोल कडा दिसली, साधारण बारा मायक्रॉनची. जठराच्या नेहमीच्या पेशीच्या मानानं ती फार लहान आणि फार रेखीव होती. मग आणखी एक. आत काळे कण, लाव्हराँ यांनी १८८०मध्ये माणसाच्या रक्तातल्या परजीवीत पाहिले होते तसलेच. रॉस यांनी मदतनिसाला हाक मारली, तर तो दुपारची झोप घ्यायला गेलेला. मग काचपट्टी जपून ठेवली, वहीत नोंद केली, घरी जाऊन चहा घेतला आणि तासभर गाढ झोपले. शोधाच्या कथेत शोधकच झोपी जातो, हा तपशील मला बाराही ओळींपेक्षा प्रिय आहे.

तिसरा मजकूर आहे १८ डिसेंबर १८९७च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधला. त्याचं शीर्षकच वाचण्यासारखं आहे. हिवतापी रक्तावर पोसलेल्या दोन डासांत आढळलेल्या काही चमत्कारिक रंगकणयुक्त पेशींविषयी, असा त्याचा आशय. किती डास? दोन. पेशी कसल्या? चमत्कारिक. त्या म्हणजेच परजीवी, असा दावा शीर्षकात नाही.

रॉस यांच्यासारखी डॉक्टरकीबरोबर दुसरा नाद जपणारी माणसं आपल्याला नवी नाहीत. गोव्यात जन्मलेले डॉ. वेस पेस १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या हॉकी संघात होते, आणि पुढे भारतीय रग्बी संघटनेचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. ऑस्ट्रेलियाचे डॉ. रॉजर व्हँडरफील्ड तर आंतरराष्ट्रीय रग्बी सामन्यांचे रेफ्री. रग्बीतला रेफ्री नियमभंग दिसला म्हणून लगेच शिट्टी फुंकतोच असं नाही. ज्या संघाविरुद्ध चूक झाली, त्यालाच चालू खेळातून फायदा मिळतोय का, हे पाहत तो थांबू शकतो. रॉस यांच्या शास्त्रीय लेखात असा रेफ्री बसला आहे. कवितेत मात्र त्याच माणसानं लगेचच जोरात शिट्टी वाजवली. या इवल्या गोष्टीनं असंख्य माणसं वाचतील, हे आपल्याला माहीत आहे असं तो ठामपणे सांगतो. अंदाज नाही, आशाही नाही. पुरावा तेव्हा होता दोन डासांचा. महिन्याभरात रॉस यांना सिकंदराबाद सोडावं लागलं आणि बदली झाली राजपुतान्यातल्या खेरवाड्याला, जिथं हिवतापाचे रुग्णच मिळेनात. परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोहोचतो, हे त्यांनी १८९८मध्ये कोलकात्यात दाखवलं, तेही पक्ष्यांच्या हिवतापात. माणसातलं चक्र ग्रास्सी आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी पुरं केलं. त्यावरून रॉस आणि ग्रास्सी यांच्यात जे जुंपलं, ते रॉस यांच्या १९०२च्या नोबेलनंतरही मिटलं नाही. देवानं हातात ठेवलेल्या वस्तूसाठी पुढे माणसाशी भांडावं लागतं.

कवितेत आणखी एक माणूस नाही. डास ज्याच्या रक्तावर पोसले तो रुग्ण, हुसेन खान. दर डासामागे एक आणा घेऊन त्यानं स्वतःला चावून घेतलं. आठवणींच्या पुस्तकात त्याचं नाव आहे, हिशेबही आहे. कवितेत देव, मृत्यू आणि मी एवढेच तिघे. त्या काळच्या स्तोत्रवजा कवितेत हुसेन खानाला जागा मिळणं अवघड होतं हे खरं, पण ती नाही हे वाचताना टोचतं.

लोक उद्धृत करतात ते तिसरं कडवं, त्यातल्या विजयघोषासाठी. जगात आजही वर्षाला सुमारे सहा लाख माणसं हिवतापानं मरतात, तेव्हा तो घोष थोडा घाईचा वाटतो. मला दुसरं कडवं सरस वाटतं. तिथं अश्रू आहेत, धापा टाकणारा श्वास आहे, आणि मृत्यूची बीजं कपटी आहेत. विजयाच्या कवितेत श्रम दिसतात ते तेवढ्याच चार ओळींत. बेगमपेटच्या त्या उकाड्यात टेबलाशी वाकलेला डॉक्टर कवीला जागा देतो तो इथंच.