मॅनचे पान

परीक्षण लिहायला पुस्तक वाचावंच लागतं, हा लेखकमंडळींनी पसरवलेला समज आहे. तरी प्रस्तुत पुस्तक मी वाचायला घेतलं, कारण ते फुकट होतं. त्याला मुखपृष्ठ नाही, किंमत नाही, अर्पणपत्रिकाही नाही. युनिक्स जातीच्या संगणकात ते आधीपासूनच मुक्कामाला असतं. काळ्या पडद्यावर 'मॅन' लिहून पुढे एखाद्या आज्ञेचं नाव टाकलं, की त्या आज्ञेचं पान समोर येतं. (मॅन म्हणजे पुरुष नव्हे, मॅन्युअल. घरात हे दोनदा सांगावं लागलं.)

पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची. कर्ते बेल लॅब्जमधले केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची. शैली तारेसारखी: नाव, वापरायची रीत, वर्णन आणि शेवटी 'बग्ज', म्हणजे या आज्ञेत काय बिघडलेलं आहे ते. माल देणाऱ्यानेच मालातली खोट छापून द्यावी, हे वाचून मी चष्मा पुसला. आमच्या कर्जाच्या अर्जावर असं कलम आलं, तर अर्ज कमी आणि कलम मोठं व्हायचं! त्या पहिल्या आवृत्तीत तर आज्ञेचा मालक कोण, हेही दिलेलं होतं. आमच्याकडे चुकीचा मालक शोधायला चौकशी नेमावी लागते.

पण मला कागदावर वाचायची सवय. भाचा म्हणाला, "मामा, फायलीत उतरवून घ्या आणि छापा. त्यात काय!" उतरवलं. उघडून बघतो तो ठळक शब्दातलं प्रत्येक अक्षर दोनदा, मधे एक चमत्कारिक खूण. अधोरेखित शब्दांत प्रत्येक अक्षराआधी एक आडवी रेघ आणि तीच खूण. भाच्याला वाटलं, फाइल बिघडली. मी मात्र ओळखलं. टायपिंगच्या क्लासात आम्ही हेच करत होतो! शीर्षक ठळक हवं, तर बॅकस्पेस मारून त्याच अक्षरावर पुन्हा ठोका. अधोरेखित हवं, तर रेघ मारा, मागे या, अक्षर मारा. आपल्यासमोर कागद आणि टाइपरायटर आहे, अशाच समजुतीत हा ग्रंथ अजून लिहून देतो. (बऱ्याच लिनक्सवर हल्ली मॅन फायलीत उतरताना ही सजावट आपणच काढून ठेवतो. भाच्याच्या यंत्राला तेवढा विवेक नव्हता.)

उपाय एका ओळीचा निघाला. मॅनच्या आज्ञेपुढे उभी रेघ, मग 'कोल' आणि 'वजा बी'. प्रत्येक जागी शेवटी उमटलेलं अक्षर तेवढं ठेवायचं, बॅकस्पेस सगळे गाळायचे, एवढंच कोल करतो. पान धुतल्यासारखं स्वच्छ झालं. छापलं, टाचणी मारली आणि कागदात बघत एलएस ही फायलींची यादी देणारी आज्ञा टाइप केली. पुढे 'फाइल' असं छापलं होतं, म्हणून इमानदारीत फाइल असं लिहिलं. यंत्र म्हणालं, अशी फाइल नाही.

इथे माझा मुख्य आक्षेप आहे. या वाङ्मयात ठळक म्हणजे जसंच्या तसं लिहा, आणि अधोरेखित म्हणजे इथे तुमचं काय ते घाला. ती नुसती नटवेगिरी नव्हे, तो अर्थ आहे. कोलने धुताना डागाबरोबर नक्षीही गेली. एकदा एका गृहस्थांनी पैसे भरायच्या स्लिपवर खातेदाराच्या नावापुढे 'खातेदार' असंच लिहून आणलं होतं. काउंटरमागे आम्ही पोट धरून हसलो होतो. त्यांची माफी मागायची राहिली आहे.

तेव्हा वाचून बाजूला टाकायचं असेल, तर कोल पुरे. वापरायचं असेल, तर 'मॅन'पुढे 'वजा टी' लावून मग आज्ञेचं नाव लिहावं. त्यातून पोस्टस्क्रिप्ट निघतं, त्याची पीडीएफ होते, आणि कागदावर ठळक ते ठळक, बदलायचं ते तिरकं उमटतं. मजकूर मुळात एकच. टाइपरायटरसाठी तो एनरॉफ मांडत असे, छापखान्यासाठी टीरॉफ. पडद्यावर आपण इतकी वर्षं टाइपरायटरची प्रतच वाचत होतो.

"एवढ्यासाठी कागद कशाला, मामा?" म्हणत भाच्याने पान हातात घेतलं, आणि जाताना ते घेऊनच गेला. मी मग मॅनबद्दल खुद्द मॅनचं म्हणणं काय, ते पान छापायला लावलं. बग्जपर्यंत पोचण्याआधीच शाई संपली.