देणं

गेल्या हिवाळ्यात गुरुग्राममध्ये अरवली वाचवण्याविषयीच्या एका कार्यक्रमाला गेले होते. निघताना प्रत्येकाच्या हातात कापडी पिशवी आली. आत कडुनिंबाचं रोप आणि एक वही. वहीवर तारपा वाजवणारा माणूस आणि त्याच्याभोवती फेर धरलेली वारली माणसं. चित्र कुणाचं, हे कुठेही छापलेलं नव्हतं. रोप बाल्कनीत लावलं. वही टेबलावर पडून राहिली. जमिनीची काळजी घ्या असं सांगण्यासाठी आपण चित्र भेट देतो, तेव्हा नेमकं काय देतो, हा प्रश्न तिच्याबरोबर घरात आला होता.

वारली चित्र मुळात विकायची वस्तू नव्हतं. लग्नघरी सवाशिणी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. ‘लिहितात’ हेच क्रियापद. अनुवादक म्हणून मी इथे नेहमी अडते. हिंदीत किंवा इंग्रजीत नेताना त्याचं सहज ‘रंगवणं’ होतं आणि भिंतीवरचा मजकूर नुसती सजावट होऊन बसतो. चौकात पालघट देवी असते, धवलेरी गाणी म्हणते. या दोघींशिवाय लग्न पुरं होत नाही. तांदूळ शेतातला, माती अंगणातली, लिहायची काडी बांबूची. काही दिवसांनी चौक पुसट होतो आणि पुढच्या लग्नाला नवा लिहिला जातो. जमिनीकडून घेतलेलं जमिनीलाच परत जातं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी कागद घेऊन डहाणूच्या पाड्यांवर गेले. बायकांच्या हातातली काडी पुरुषांनीही उचलली. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी लग्नाच्या चौकटीबाहेरचं अख्खं जग कागदावर आणलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कागदानं कला बिघडवली, असं मी म्हणणार नाही. त्यानं अनेक घरांत चूल पेटली आणि मशे यांच्यासारखा मोठा चित्रकार आपल्याला कळला. पण भिंतीवरच्या चौकाला घर होतं, लग्न होतं, गाणं होतं. कागदावरचं चित्र त्यांच्याशिवाय प्रवास करतं आणि थेट आमच्या वहीपर्यंत पोचतं.

वाटेत काय गळतं, ते गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) शेजारी ठेवून पाहिलं की कळतं. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोनं वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबायचं. अशा वेठबिगाराला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली वारली उठले ते याच्याविरुद्ध. म्हणजे ज्या लग्नात समृद्धीची देवी भिंतीवर यायची, त्याच लग्नापायी माणूस गहाण पडायचा. ज्या शेताचा तांदूळ पिठात, ते शेत बहुधा दुसऱ्याचं. वहीवरचा फेर पाहून ‘निसर्गाशी एकरूप आदिवासी’ असं म्हणणाऱ्याला हा हिशेब दिसत नाही. चित्रातली माणसं त्याला सुखी दिसतात, कारण ती कुणाची जमीन मागत नाहीत.

याच्या नेमकं उलट काम मला दिल्लीकर छायाचित्रकार गौरी गिल आणि गंजाडचे राजेश वांगड यांच्या ‘फील्ड्स ऑफ साइट’मध्ये दिसतं. २०१३ साली हे काम सुरू झालं. गिल यांनी गंजाडच्या परिसराची कृष्णधवल छायाचित्रं घेतली आणि वांगड यांनी त्यांवर शाईनं वारली रेषा भरली. कॅमेऱ्याला जिथे नुसता माळ दिसतो, तिथे वांगडांना देव, झाडं, गेलेली माणसं, आलेले कारखाने दिसतात. अनेक चित्रांत ते स्वतः त्या भूमीत उभे आहेत. जमीन इथे कुणाच्या सद्भावनेची पार्श्वभूमी होत नाही. तिला साक्षीदार आहे आणि त्याला नाव आहे. ही चित्रं शेवटी गॅलरीच्या भिंतीवर जातात, ही शंका माझ्याही मनात आहे. पण ती विकत घेणाऱ्यालाही ‘हे कुठलं गाव?’ असं विचारावंच लागतं. उत्तर डहाणू तालुक्यात नेतं. १९९१ साली हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला आणि २०२४ साली तिथल्याच किनाऱ्यावर वाढवण बंदराची पायाभरणी झाली.

आणि अरवली? कार्यक्रम झाला त्या सभागृहापासून फार दूर नसलेलं मंगर बनी हे देवराईचं जंगल आजही उभं आहे. आसपासच्या गुर्जर गावांनी पिढ्यान्‌पिढ्या गुदडिया बाबांच्या नावानं तिथली फांदीसुद्धा मोडली नाही, म्हणून धौची झाडं टिकली. या राखणदारीचं कुणी चित्र वाटलं नाही. तिथल्या टेकड्यांतल्या गुहांमध्ये प्राचीन चित्रं आहेत. अरवली वाचवायला डहाणूची रेषा उसनी आणणाऱ्या आम्हाला शेजारची भिंत माहीत नव्हती.

मराठीत ‘देणं’ या एकाच शब्दात दान आहे आणि कर्जही. आपण देतो तेही देणं, आणि आपल्याकडून येणं असतं तेही देणंच. लग्नातला आहेरसुद्धा लक्षात ठेवून परत करायचा असतो. चित्र भेट देऊन जमिनीबद्दल आस्था वाढत असेल तर ती जरूर वाढावी. पण त्या भेटीबरोबर कर्जाची बाजूही यायला हवी. चित्रकाराचं नाव आणि मोबदला, त्याच्या पाड्याचं नाव, आणि २००६च्या वनहक्क कायद्याखाली त्या पाड्याच्या दाव्याचं काय झालं, याच्या दोन ओळी. वहीच्या मलपृष्ठावर एवढी जागा नक्की असते.

ती वही मी आता वापरायला काढली आहे. आयोजकांना पत्र लिहून चित्रकाराचं नाव विचारलं आहे. कळलं की पहिल्या पानावर लिहीन.