टोपी न मिळालेला गोलंदाज

माणूस गेला की त्याचे मोजमाप करण्याची आपल्याला फार घाई होते, आणि मग हाताशी असेल ती फूटपट्टी आपण उचलतो. ३ मार्च २०२५ रोजी पद्माकर शिवलकर मुंबईत निवर्तले, तेव्हा त्यांचे वय ८४ होते. त्या दिवशी आणि पुढेही ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होते : ‘बिचारा! भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.’ या वाक्यातल्या ‘बिचारा’ या शब्दाशी माझे भांडण आहे. तो कळवळ्याने उच्चारला जातो हे खरे. पण कळवळा म्हणजे कदर नव्हे.

आमच्या घिवलीत क्रिकेटचा वाद हा फराळाइतकाच दिवाळीचा भाग आहे. ओहोटी लागली की पोरे किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत यष्ट्या रोवतात आणि वडीलधारी मंडळी ओट्यावर बसून निवड समितीचे काम चालवतात. बोईसरच्या कारखान्यात नोकरी केलेले आमचे भावोजी या समितीचे कायमचे अध्यक्ष. त्यांचा निकाल ठरलेला : ‘हे पाहा, रणजीतल्या बळींचे मला कौतुक सांगू नका. कसोटीत किती घेतले, बोला!’ भावोजींना दोष कसा द्यावा? पालघरजवळच्या माहीमचा शार्दूल ठाकूर पहाटेच्या गाडीने मुंबईची मैदाने गाठत राहिला आणि २०१८ साली कसोटी खेळला, तेव्हाच सारा मुलूख त्याला आपला म्हणू लागला. देशाची टोपी डोक्यावर आली की माणूस मोठा, हा हिशेब सोपा आहे. मात्र शिवलकरांच्या बाबतीत तो साफ चुकतो.

आधी आकडे पाहू. प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी आणि दर बळीमागे अवघ्या १९.६९ धावा. एका डावात पाच किंवा अधिक बळी त्यांनी ४२ वेळा घेतले आणि एका सामन्यात दहा किंवा अधिक १३ वेळा. डावखुऱ्या फिरकीत नवलाचे काही नसते. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून चेंडू बाहेर वळणार, हे घरातल्या आजीलाही ठाऊक. नवल असते ते टप्प्यात आणि उंचीत. चेंडू हवेत किंचित रेंगाळला, की पुढे यावे की मागे राहावे, असा प्रश्न फलंदाजाला पडतो. त्या अर्ध्या क्षणाच्या संभ्रमावरच हा गोलंदाज जगतो. तोच टप्पा दिवसभर, हंगामभर आणि वीस वर्षे साधत राहणे, ही शिवलकरांची कमाई होती.

तिचे सर्वांत झगझगीत दर्शन घडले ते मद्रासच्या चेपॉकवर, १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात. मुंबईचा पहिला डाव १५१ धावांत आटोपला. एवढ्या धावा म्हणजे हरण्याचीच तयारी! पण तमिळनाडूचा डाव ८० धावांत संपला आणि शिवलकरांनी १६ धावांत ८ बळी घेतले. मुंबईने पुन्हा ११३ केल्या. तमिळनाडू दुसऱ्यांदा ६१ धावांत गारद. त्यात शिवलकरांचे ५ बळी १८ धावांत. म्हणजे सामन्यात ३४ धावांत १३ बळी! या विजयाने मुंबईचे ओळीने पंधरावे रणजी अजिंक्यपद पुरे झाले.

यावर भावोजी म्हणतात, ‘खेळपट्टीच तसली. तिथे कोणीही बळी घेतले असते.’ आक्षेप योग्य आहे, म्हणून त्याला उत्तरही दिले पाहिजे. खेळपट्टी दोन्ही संघांना एकच होती, आणि तमिळनाडूकडे वेंकटराघवन व व्ही. व्ही. कुमार यांच्यासारखे कसलेले फिरकी गोलंदाज होते. तरीही मुंबईने दोन डावांत मिळून २६४ धावा काढल्या, तमिळनाडूने १४१. वाईट खेळपट्टी सर्वांनाच मदत करते; पण त्या मदतीचे सोने करायला हात लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुंबईच्या बलाढ्य फलंदाजीचे पाठबळ त्यांना होते आणि एकनाथ सोलकरसारखा क्षेत्ररक्षक बॅटीच्या तोंडाशी उभा असे. हे मी मान्य करतो. राजिंदर गोयल यांना असे छत्र लाभले नाही; त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे तुलनेने दुबळ्या संघांकडून घालवली आणि तरी ७५० बळी घेतले, तेही १८.५८ च्या सरासरीने. तेदेखील डावखुरे फिरकी गोलंदाज आणि तेदेखील कसोटीविना गेले. केवळ अन्यायाचीच यादी करायची असेल, तर मुंबईकराने गोयल यांचे नाव आपल्या माणसाच्या आधी घेण्याची दिलदारी दाखवावी.

मग दोष कोणाचा? या प्रश्नाला ‘बिशनसिंग बेदी’ असे उत्तर सगळे देतात. १९६६ च्या शेवटच्या दिवशी कलकत्त्यात बेदींनी कसोटी पदार्पण केले. तेव्हा ते वीस वर्षांचे होते आणि शिवलकर सव्वीस. पुढे १९७९ पर्यंत बेदींनी ६७ कसोट्यांत २६६ बळी घेतले. बेदी अधिक मोठे कलावंत होते, याबद्दल मला शंका नाही. परंतु ‘एकाच तऱ्हेचे दोघे कसे खेळवणार?’ हा युक्तिवाद मला पटत नाही. प्रसन्ना आणि वेंकटराघवन दोघेही ऑफ स्पिनर. त्यांना एकत्र खेळवताना कोणाला अडचण वाटली नाही. १९७४ साली वेस्ट इंडीजविरुद्धच्या बंगलोर कसोटीतून शिस्तभंगाच्या कारणावरून बेदींना वगळले. दार किलकिले झाले होते! तेव्हा बोलावणे गोयल यांना गेले. आणि तेही अखेर अकरात नव्हतेच. पुढे १९७९ साली बेदींचे पर्व संपले आणि दिलीप दोशींना ३१ व्या वर्षी कसोटी मिळाली. त्या वेळी शिवलकर एकोणचाळिशीत आले होते. तेव्हा केवळ दैवाला बोल लावून निवड समितीला मोकळे सोडता येत नाही. कर्णधार असताना त्यांच्यासाठी निवड समितीचे मन वळवता आले नाही, ही खंत खुद्द सुनील गावसकरांनी बोलून दाखवली आहे.

तरीसुद्धा टोपीची फूटपट्टी किती तोकडी आहे, हे पाहायचे तर थोडे मागे जावे. बाळू पालवणकर हेही डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ साली, तेव्हा बाळूंचा काळ उलटून गेला होता. टोपी मोजली तर बाळू शून्य! जातीपायी त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपदही मिळू दिले नाही. अमेरिकेत बेसबॉलमध्ये जॉश गिब्सन नावाचा थोर कृष्णवर्णीय फलंदाज होऊन गेला. वर्णभेदामुळे मोठ्या लीगचे दार त्याला बंद होते. ते उघडण्याच्या अवघे काही महिने आधी, जानेवारी १९४७ मध्ये, तो पस्तिसाव्या वर्षी वारला. मात्र २०२४ साली तिथल्या धुरीणांनी कृष्णवर्णीयांच्या लीगचे आकडे मुख्य नोंदवहीत सामील केले आणि कारकिर्दीच्या फलंदाजी सरासरीत गिब्सनचे नाव सर्वांत वर आले. मेलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? त्याला नसेल, पण नोंदवही शहाणी झाली.

शिवलकरांवर जातीचा किंवा वर्णाचा अन्याय झाला, असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्यांच्या वाटेत एक थोर गोलंदाज आणि काही नाउमेद निर्णय आले, इतकेच. माझा मुद्दा फूटपट्टीपुरता आहे. रणजीला ‘देशी’ म्हणून नाक मुरडणारे आपणच, मग ‘बिचारा’ म्हणून उसासे टाकणारेही आपणच! रणजीतली कामगिरी हीच मुळात मोठी मानली असती, तर त्यांची कीव करण्याची वेळच आली नसती. गावसकरांनी १९८३ सालच्या आपल्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात जगातल्या नामवंतांच्या पंगतीला शिवलकर आणि गोयल यांना बसवले, ते उपकार म्हणून नव्हे. ज्याला चेंडू खेळावा लागतो त्याला गोलंदाजाची उंची कळते म्हणून. मंडळाने २०१७ मध्ये दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. उशिरा दिला, पण दिला.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, १९८७-८८ च्या हंगामात, सत्तेचाळिसाव्या वर्षी शिवलकर पुन्हा मुंबईसाठी गोलंदाजीला उभे राहिले. त्या वयात कसोटीचे आमिष शिल्लक नसते. उरते ते फक्त आपले काम आणि ते नीट करण्यातला आनंद. रोजच्या नोकरीत, शेतात, होडीवर, स्वयंपाकघरात ज्यांना कोणी टोपी दिली नाही, अशी माणसे आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. त्यांना आपण बिचारी म्हणत नाही. त्यांच्या कामावर तर घर उभे असते. शिवलकरांच्या बाबतीतही तेवढीच रीत पाळावी. मुंबईच्या त्या पंधरा अजिंक्यपदांच्या घराला त्यांचा भक्कम खांब होता, आणि खांबाची थोरवी त्याच्यावरच्या रंगावरून ठरत नाही.

भावोजींना हे पटेल असे नाही. पण पुढच्या वेळी त्यांनी ‘कसोटीत किती?’ असे विचारले, की मी त्यांना उलट विचारणार आहे : ‘चेपॉकवर किती?’