उच्च माध्यमिक भूगोल : भूमी आणि मनुष्य यांतील अंतर

महाराष्ट्रातील उच्च माध्यमिक वर्गांसाठी २०१९ साली अकरावीचे आणि २०२० साली बारावीचे भूगोलाचे नवे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. नकाशे व आकृत्या यांची या पुस्तकांत वाण नाही. विद्यार्थ्याला विचार करावयास लावणारे प्रश्नही ठिकठिकाणी आढळतात. प्रस्तुत टिपणातील आक्षेप कोणत्याही एका प्रकरणावर नसून विषयाच्या विभागणीवर आहे.

अकरावीत भू-हालचाली, विदारण, झीज करणारी कारके, हवामान प्रदेश, हिंदी महासागर, जीवसंहती असा क्रम लागतो. बारावीत लोकसंख्या, वस्त्या आणि प्राथमिक ते तृतीयक व्यवसाय. आपत्ती व्यवस्थापनासारखे एखादे प्रकरण वगळल्यास पहिल्या वर्षी माणसांवाचून जमीन आणि दुसऱ्या वर्षी जमिनीवाचून माणसे, असा हा प्रकार होय. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या २००६-०७ मधील पुस्तकांतही विभागणी हीच आहे : भारताचे प्राकृतिक पर्यावरण अकरावीत, भारतातील लोक आणि अर्थव्यवस्था बारावीत. सोयीच्या दृष्टीने ही मांडणी समर्थनीय ठरेल. परंतु भूमी आणि मनुष्य यांचा परस्परसंबंध हाच ज्या शास्त्राचा गाभा, त्याचा गाभाच दोन इयत्तांमधील उन्हाळ्याच्या सुटीत हरवतो, त्याचे काय?

उदाहरणाने हे स्पष्ट करता येईल. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्रातील तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरीची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ झाली, सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१, आणि मुंबई शहर जिल्ह्याची ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११. लोकसंख्या संक्रमणाचा सिद्धांत नुकताच पाठ केलेला विद्यार्थी हे आकडे पाहून काय म्हणेल? घट दिसली की शेवटचा टप्पा, हे त्याचे उत्तर ठरलेले आहे. वास्तविक थॉम्पसन (१९२९) व नोटस्टाइन (१९४५) यांच्या विवेचनातून सिद्ध झालेला हा सिद्धांत जन्म आणि मृत्यू यांच्या प्रमाणावर उभा आहे. रत्नागिरीची घट केवळ त्या दोहोंच्या वजाबाकीने उलगडत नाही. तेथे माणसे निघून जातात. त्याच जिल्ह्यात २०११ साली दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. राज्याचे प्रमाण ९२९ होते. हा आकडा स्त्रीजन्माविषयीच्या उदारतेचा पुरावा मानणे म्हणजे मुंबईला गेलेल्या पुरुषांना हिशेबातून वगळणे होय.

आणि पुरुष का गेले? या प्रश्नाच्या उत्तराचा बराच भाग अकरावीच्या पुस्तकात पडून आहे. उष्ण व आर्द्र हवामानातील तीव्र रासायनिक विदारणाने बनलेला जांभा, त्याचे उघडे सडे, सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतची अरुंद पट्टी, आखूड व वेगवान नद्या; वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही उन्हाळ्यात कित्येक वाड्यांवर पाण्याची टंचाई. भातशेतीला मिळणारी जमीन थोडी आणि तीही तुकड्यातुकड्यांची. यावर मुंबईच्या गिरण्यांची ओढ आणि गावी येणाऱ्या मनीऑर्डरींचा आधार. अर्थात जांभ्यानेच माणसांना हाकलले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तोच जांभा हापूसच्या कलमांना मानवला आहे. भूमी पर्याय मर्यादित करते, निवड माणसे करतात, आणि ही निवड काळागणिक बदलते. हा विवेक विदारणाचे प्रकरण व स्थलांतराचे प्रकरण एकमेकांसमोर ठेवल्याशिवाय शिकवता येणार नाही.

मुंबई शहराची घट तर आणखी निराळी. घरांच्या किमती, गिरण्यांचा अस्त, उपनगरांकडे व त्यांच्याही पलीकडे सरकलेली वस्ती ही तिची कारणे. त्याच दशकात तेव्हाचा अविभाजित ठाणे जिल्हा ८१,३१,८४९ वरून १,१०,६०,१४८ वर गेला. उणे चिन्ह तिन्ही जिल्ह्यांपुढे सारखेच, पण त्यामागची भूमी आणि इतिहास भिन्न. ज्याला एकाच चिन्हामागे दोन कारणे दिसतात, त्याला भूगोल येऊ लागला असे समजावे.

बारावीच्या पुस्तकात प्रदेश व प्रादेशिक विकास यांवर प्रकरण आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. दोन्ही वर्षांचे धागे जुळवण्याची जागा तीच. परंतु ते येते शेवटाकडे, परीक्षेची घाई सुरू झाल्यावर. त्याहून नवल असे की, भूगोलाचे स्वरूप व व्याप्ती सांगणारे प्रकरण त्याच्याही नंतर येते. विषय कोणता हे विद्यार्थ्याला विषय संपताना कळते. परिषदेच्या पुस्तकाने निदान या बाबतीत क्रम योग्य ठेवला असून भूगोल ही विद्याशाखा म्हणजे काय, याचे विवेचन अकरावीच्या आरंभीच केले आहे. प्रादेशिक विवेचन आपल्याकडे अपरिचित होते असेही नाही. प्रा. सी. डी. देशपांडे यांचा पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलावरील इंग्रजी ग्रंथ १९४८ सालचा आहे.

या विभागणीचे परिणाम पदव्युत्तर वर्गापर्यंत पोहोचतात. भूरूपशास्त्राचा विद्यार्थी जनगणनेचे कोष्टक परके मानतो, आणि लोकसंख्येचा अभ्यासक समोच्च रेषा ओलांडून जातो. हे दोघेही पुढे अध्यापक होणार आहेत. पुस्तकांची फेररचना होईल तेव्हा होवो. बारावीच्या प्रात्यक्षिकात स्वतःच्या तालुक्याचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक पत्रक आणि त्याच तालुक्यातील गावांचे जनगणनेचे आकडे एकाच टेबलावर मांडण्यास मात्र कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. कोणत्या वाड्या ओस पडत आहेत आणि त्या कोणत्या उंचीवर, कोणत्या उतारावर, पाण्यापासून किती अंतरावर आहेत, एवढे जरी विद्यार्थ्याने पाहिले तरी लोकसंख्येच्या प्रकरणाला पायाखालची जमीन मिळेल.