कोरे, घडी मोडलेले, भिजके : स्थितिनिर्देशाच्या भाषेची एक चिकित्सा

वस्तूची स्थिती सांगणे ही वरवर पाहता निव्वळ वर्णनाची क्रिया होय. प्रत्यक्षात प्रत्येक स्थितिनिर्देशात वस्तूचा उपयोग कोणता आणि काळाचा स्पर्श हा दोष मानायचा की नाही, याविषयीचा निर्णय आधीच घेतलेला असतो. संग्राह्य व्हिडिओ गेमच्या प्रतवारीसाठी रूढ झालेल्या मापनश्रेणी या दृष्टीने एक संहिता म्हणून वाचण्याजोग्या आहेत.

या श्रेणींचे कूळ नाणेसंग्रहात आहे. विल्यम शेल्डन याने 1949 साली अमेरिकेतील जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी 1 ते 70 अशी श्रेणी मांडली. हा शेल्डन मानसशास्त्रज्ञ होता आणि माणसांच्या देहयष्टीचेही त्याने अंकांत वर्गीकरण केले होते, ही बाब केवळ योगायोगाची म्हणून सोडून देता येत नाही. त्याच्या श्रेणीतील अंक मुळात झिजेचे माप नव्हतेच. सत्तर दर्जाच्या नाण्याची किंमत एक दर्जाच्या नाण्याच्या सत्तरपट असावी, असे ते गणित होते. म्हणजे स्थितीचे वर्णन म्हणून जे पुढे आले ते आरंभापासूनच मूल्याचे विधान होते. किमतींचे हे गुणोत्तर लवकरच निरर्थक ठरले, अंक मात्र टिकून राहिला. 2000 पासून अमेरिकेतील चित्रकथांच्या अंकांना दहापैकी दर्जा देणारी व्यावसायिक संस्था उभी राहिली आणि तोच साचा पुढे व्हिडिओ गेमकडे आला. ‘वाटा गेम्स’ या संस्थेच्या पद्धतीत खोक्याला दहापैकी अंक मिळतो. वरच्या पारदर्शक वेष्टनाला वेगळे अक्षर मिळते व त्यात ‘ए प्लस प्लस’ हे सर्वोच्च. त्यानंतर ती वस्तू कठीण प्लास्टिकच्या पेटीत कायमची बंद होते.

जुलै 2021 मध्ये या भाषेचे सामर्थ्य दिसून आले. ‘सुपर मारिओ 64’ या 1996 सालच्या गेमची 9.8 दर्जाची, ‘ए प्लस प्लस’ वेष्टनाची एक प्रत लिलावात 15 लाख 60 हजार डॉलरांना विकली गेली. या गेमच्या एक कोटीहून अधिक प्रती जगभर खपल्या होत्या. तेव्हा दुर्मीळ होता तो गेम नव्हे, तर त्याच्यावरचा अंक. आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते. वेष्टन न फोडता आतील संहिता चालते की नाही हे कळण्याचा मार्ग नाही. सर्वोच्च दर्जा अशा रीतीने जी प्रत कोणीही खेळलेली नाही तिलाच मिळतो. वाचनव्यवहाराच्या परिभाषेत बोलायचे तर येथे आदर्श वाचक म्हणजे अनुपस्थित वाचक.

रायपूरच्या पंडरी भागातील ठोक कापडबाजार या संदर्भात तुलनेला घेता येतो. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलाबरोबर छत्तीसगडात मराठीचा वावर वाढला, आणि कापडाच्या बोलीत मराठी व हिंदी यांचे बरेच शब्द सामाईक आहेत. ‘कोरा’ हा त्यांपैकीच. कोरे म्हणजे धुण्याचे पाणी न लागलेले. मात्र कापडाचा व्यवहार वेष्टनाआडून होत नाही. ताका उलगडला जातो, पोत बोटांच्या चिमटीत जोखला जातो, वीण उजेडात धरून पाहिली जाते. दर्जा हा विकणारा व घेणारा यांच्यामध्ये, उघडलेल्या वस्तूवर ठरतो. शिवाय कोरेपणा ही कापडाची अंतिम अवस्था कोणी मानीत नाही. मराठीत नव्या वस्त्राची ‘घडी मोडली’ जाते. ही घडी मोडण्याचा मान घरातील वडीलधाऱ्यांना किंवा माहेरवाशिणीला देण्याची रीत आहे. जी क्रिया गेमच्या श्रेणीत अवनतीचा क्षण ठरते, तीच येथे वस्तूच्या आयुष्याचा आरंभ मानली जाते.

हस्तलिखितांच्या सूचींची भाषा या दोन्हींपेक्षा वेगळी. पूर्ण, अपूर्ण, त्रुटित, जीर्ण, कसर लागलेली, आदी नाही, अंत नाही. या शब्दांना क्रम नाही, आणि त्यांची बेरीजही होत नाही. पाठचिकित्सेचा साधा अनुभव असा की चिंध्या झालेल्या पोथीत जुना पाठ सापडतो आणि सुवाच्य, निर्दोष पोथी पुष्कळदा उशिराची व ‘सुधारलेली’ निघते. पोथीच्या शेवटी लेखनिक तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून रक्षणाची प्रार्थना करीत, आणि त्याच यादीत मूर्खाचा हातही मोजीत. वाचकालाही हानीचे एक कारण म्हणून नोंदवणारी ही दृष्टी गेमच्या श्रेणीला अपरिचित नाही. फरक इतकाच, की लेखनिक सर्व हातांना वर्ज्य मानीत नव्हता.

या भेदाचे टोकाचे उदाहरण देहूस आहे. तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या व तेरा दिवसांनी त्या वर आल्या, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा. देहूच्या परंपरेत जतन झालेली पोथी ‘भिजकी वही’ या नावाने ओळखली जाते. पंडितद्वयांनी 1869 व 1873 साली दोन खंडांत संपादिलेल्या गाथेसाठी वापरलेल्या पोथ्यांत देहूची प्रतही होती. ती नेमकी त्याच वह्यांपैकी आहे काय, हा वाद येथे गौण आहे. महत्त्वाचे असे की कोणत्याही श्रेणीत जो दोष प्रथम गुण कापील, तो पाण्याचा डाग, येथे ग्रंथाचे नाव झाला आहे. कथा तर वह्या कोरड्या निघाल्याचे सांगते. नाव मात्र भिजण्याची आठवण ठेवते. अरुण कोलटकरांनी 2003 साली आपल्या संग्रहाला हेच नाव द्यावे, यात या विसंगतीची जाण दिसते.

यावरून झीज म्हणजेच मूल्य, असे उलट टोक गाठणे मात्र चुकीचे होईल. जीर्णतेच्या कौतुकापोटी आपल्याकडे कित्येक पोथ्या वाळवीच्या स्वाधीन झाल्या, हे विसरता येत नाही. पंडरीतल्या चिमटीचा पारखीपणाही सरावाच्या गिऱ्हाईकालाच उपयोगी पडतो. दूर देशी बसलेल्या अनोळखी ग्राहकाला अंकाचा आधार लागतोच. श्रेणीचे सामर्थ्य तेथे आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो तिच्या एकमेव असण्याला. 2003 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनच्या नोंदपत्रकातही स्थितीचा एक रकाना आहे. त्या रकान्यात ओलीचा डाग दोष म्हणून लिहिता येतो. तो डाग कोणत्या नदीचा, हे लिहिण्यासाठी सूचिकाराला शेऱ्याच्या रकान्याकडेच जावे लागते.